रामाने निवडलेलं पिल्लू

या, असे पुढे सरकून बसा. दारात नको, तिथे माझा आवाज पोचायचा नाही. कीर्तनाला उशिरा आलेल्यांना बुवा गाता गाता हातानेच पुढे बोलावतात, तसंच समजा. आज तुम्हाला एक आख्यान सांगते. पोथीतलं नव्हे. आमच्या सडेवाडीच्या रामाच्या देवळात, नवमीच्या दिवशी, भर दुपारी माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं. बुवा असते तर आधी पेटीवर सूर धरला असता. मी तशीच सांगते.

"कुंदे, टोपलीवर ऊन आलं बघ. आत सरक."

हा आवाज शेट्येकाकींचा. मी देवळाच्या ओवरीत खांबाला टेकून बसले होते. मांडीशी वेताची टोपली, टोपलीत जुन्या लुगड्याच्या घडीवर ठिपक्यांची चार पिल्लं एकमेकांच्या अंगावर माना टाकून पडलेली. डालमेशियन म्हणतात त्या जातीला, पण गावात सगळे नुसतं 'काकींची ठिपकेवाली' म्हणायचे. त्यांची आई जाई काकींच्या घरी होती, पायरीखाली चाफ्याच्या सावलीत त्यांचा बाप सरदार एका कुशीवर पसरला होता. समोर सभामंडपात मुळ्येबुवा उभे. कथा दशरथाच्या यज्ञापर्यंत आली होती आणि घड्याळाचा काटा बाराकडे निघाला होता.

बारा वाजता रामजन्म. आणि यांतलं कुठलं पिल्लू माझं, तेही बारा वाजताच ठरणार होतं.

कसं ते सांगते. काकींचं घर देवळाला लागून, मधे फक्त दगडांचा एक गडगा. काका बोटीवर नोकरीला होते. मुंबईच्या एका पारशी कप्तानाने त्यांना या कुत्र्यांची जोडी दिली होती. काका गेले आणि त्या जोडीचं घराणं काकींनी सांभाळलं. सांभाळलं म्हणजे किती कडक! मादी पुरती वाढल्याशिवाय तिला नर दाखवायचा नाही. एक वीण झाली की पुढचा माज तिला विश्रांती. जवळच्या नात्यातला नर नाही म्हणजे नाही, त्यासाठी एकदा जीप करून थेट बेळगाव गाठलं. पिल्लू दोन महिन्यांचं झाल्याशिवाय आईपासून तोडायचं नाही. आणि जो पिल्लू मागायला येईल त्याच्या घरी आधी स्वतः जाऊन बघून यायचं. काकींना मुलगी असती तर ती एकवेळ मागून मिळाली असती, पिल्लू मिळायचं नाही, असं लोक हसून म्हणायचे.

माझ्याकडेही आल्या होत्या. विहिरीच्या कठड्यावर हात दाबून बघितला, गडग्याची उंची डोळ्याने मोजली आणि ओटीवर बसून विचारलं, "दुपारी घरात कोण असतं?"

"मी असते की."

"आणि कीर्तनाला जातेस तेव्हा?"

"त्यालाही नेईन."

"तो काय टाळ धरणार आहे?" म्हणाल्या, आणि चहा न घेता गेल्या. होकार यायला एक अख्खा पावसाळा जावा लागला.

आता रामाचं. पहिल्यावहिल्या विणीतलं एक पिल्लू फार भित्रं निघालं होतं. फटाका वाजला की कपाटाखाली शिरायचं. मोठं झाल्यावर असंच घाबरलं आणि शेजारच्या मुलीच्या हाताला चावलं. काकींनी त्या दिवशी ठरवलं, भित्र्या जनावरांची वीण वाढवायची नाही. मग पारख कशी करायची? देऊळ शेजारीच. घंटा, शंख, नगारा यांहून मोठी परीक्षा कुठली? तेव्हापासून प्रत्येक विणीतली पिल्लं टोपलीत घालून आरतीच्या वेळी ओवरीत आणायची. जी दचकली, किंचाळली ती चांगल्या घरी सोबतीला द्यायची, पण त्यांची वीण करायची नाही या अटीवर. जे पिल्लू हललं नाही ते काकींकडे, घराणं चालवायला. हळूहळू गावाने त्याला 'रामाने निवडलेलं' म्हणायला सुरुवात केली. सरदार असाच निवडलेला. त्याची आई तशीच, आजाही तसाच. देवळात कुत्री आणतात म्हणून आधी कुरकूर झाली होती. तेव्हा मुळ्येबुवांनी भर कीर्तनात विचारलं, "दत्ताच्या पायाशी बसलेत ते कोण, मांजरं?" मंडप हसला आणि विषय मिटला.

आता काकींचे गुडघे गेले होते. ही त्यांची शेवटची वीण. "या वेळचं रामाचं पिल्लू तुला," त्या मला म्हणाल्या होत्या. "नुसतं कुत्रं नाही देत, कुंदे. घराणं देते आहे. माझ्यामागे तू चालव." मला कीर्तनाचं वेड, रामावर जीव. मला याहून मोठा प्रसाद कुठला हो? मी नावसुद्धा ठरवून ठेवलं होतं. ध्रुव. जागेवरून न हलणारा.

खोटं कशाला बोलू, माझं मन आधीच एकावर बसलं होतं. त्याचा एक डोळा काळा आणि एक निळा, थेट बापासारखा. आमच्याकडे घाऱ्या डोळ्यांचं कौतुक किती ते तुम्हाला माहीतच आहे. काकींचा पुतण्या सुधाकर पिल्लांच्या कामात मदतीला रत्नागिरीहून आला होता, तो म्हणाला, "याला बर्व्यांच्या घरी सोडलं तर कुत्रं आहे हे कुणाला कळायचंही नाही. त्यांच्या धाकट्यासारखाच दिसतो."

"बर्वे मागे बसलेत," मी म्हटलं.

"बसू देत. त्यांना कुठे ऐकू येतंय आता!"

बाकीची पिल्लं झोपली होती, पण हा जागा. टोपलीच्या काठावर हनुवटी ठेवून बुवांकडे टक लावून बघत होता. बुवांनी हात उंचावला की याची मान वर, हात खाली आला की मान खाली.

"काकी, बघा तरी. कथा ऐकतोय!"

काकी हसल्या. फार कमी हसायच्या. मग लगेच कामाचं विचारलं, "रस्त्याकडचं फाटक झालं?"

"झालं. ह्यांनी आतून कडी बसवली."

"गौरीचं झालं तसं नको."

गौरी म्हणजे सरदारची सख्खी बहीण. तीही नगाऱ्याला न हललेली. त्या खेपेला दोघं हलले नव्हते, म्हणून एक सप्रे मास्तरांना मिळाली होती. मास्तरांना मूलबाळ नाही, गौरी त्यांच्या ताटाशेजारी जेवायची. हमरस्त्यावर ट्रकखाली गेली. ट्रकवाला कराडकडचा कुणी तरुण माणूस होता. पळून गेला नाही. लोकांनी घर दाखवलं तसा तिला स्वतः उचलून काकींच्या ओटीवर घेऊन आला. अंगावरचा सदरा रक्ताने भरलेला. रडत म्हणत होता, "आई, मी हॉर्न देत होतो हो. लांबपासून देत होतो. ती मधोमध पाठमोरी उभी. हललीच नाही." कुणाचा विश्वास बसणार? रामाने निवडलेलं, तल्लख जनावर हॉर्नला हलणार नाही? सप्रे मास्तरांनी त्याच्या कानाखाली मारली. आयुष्यात वर्गातल्या पोरावर हात न उचललेला माणूस! काकींनी काही केलं नाही, पण त्या माणसाला पाणीही विचारलं नाही. तो खाली मान घालून गेला.

"फाटकाला कडी आहे, काकी," मी पुन्हा म्हटलं.

आणि तेवढ्यात बुवांचा आवाज चढला. मंडपातली माणसं उभी राहिली. पाळण्याची दोरी सुवासिनींच्या हातात गेली. बुवांनी दोन्ही हात वर केले आणि बारा वाजले.

काय सांगू तुम्हाला! शंख फुंकला, घंटांना माणसं लोंबकळली, माझ्या पाठीमागेच असलेला नगारा असा धडाडला की खांब माझ्या पाठीत हलला. गुलाल उडाला, फुलं उडाली, जयजयकाराने कौलं उचलली जातील असं वाटलं. टोपलीत एक पिल्लू किंचाळलं. दुसऱ्याने लुगड्याच्या घडीत डोकं खुपसलं. तिसऱ्याने तर बसल्या जागी ओलं केलं.

आणि माझा ध्रुव? तो टोपलीचा वेत चावत बसला होता. चावायचा थांबलासुद्धा नाही.

"काकी! हाच! हाच हो!" मी ओरडले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बायका धावल्या. कुणी त्याच्या कपाळाला गुलाल लावला, कुणी पायांना हात लावून तो स्वतःच्या डोळ्यांना लावला. बुवांनी मंडपातूनच त्याच्याकडे बघून हात जोडले. मी त्याला उचलून मांडीवर घेतलं, पाठ माझ्याकडे आणि तोंड समोर करून, म्हणजे त्याला पाळणा दिसावा. गजर चालूच होता. माझी झांज कायम माझ्याजवळ असते. ती उचलली आणि आनंदाच्या भरात त्याच्या डोक्यामागे जोराने वाजवली.

टोपलीतली तिन्ही पिल्लं उडाली.

हा मांडीवर तसाच. मी कौतुकाने पुन्हा वाजवली. ती तीन पुन्हा उडाली. मग माझी नजर त्याच्या कानांवर गेली.

कुत्र्याचा कान बघितलाय ना तुम्ही? जनावर कितीही शूर असो, शांत असो, पान पडलं तरी कान फिरतो. तो त्याला विचारून फिरत नाही, आपला आपण फिरतो. आणि हा तर टक्क जागा होता, माझ्या पदरावरचा गुलाल चाटत होता. त्याचे दोन्ही कान मात्र सुकल्या पानांसारखे लोंबत होते. मी तिसऱ्यांदा वाजवली, अगदी कानाशी. काही नाही. टाळी वाजवली. "ध्रुवा!" म्हणून हाक मारली. काही नाही. हात त्याच्या डोळ्यांसमोर नेला तर लगेच उडी मारून बोट तोंडात धरलं, शेपूट हलवायला लागला.

तोंडाने नाम चालू होतं आणि ते नाम माझंच मला लांबून ऐकू येत होतं.

वर बघितलं. काकी माझ्याकडेच बघत होत्या. चेहऱ्यावर मघाचं हसू तसंच राहिलं होतं, पुसायचं विसरून गेल्यासारखं.

खांबाला धरून त्या माझ्याजवळ आल्या आणि हात पुढे केला. "झांज दे."

"काकी, कदाचित गोंगाटात—"

"दे म्हणते ना. सुधाकर, नगारा थांबव. सगळ्यांना गप्प बसव."

गजर थांबला. रामजन्माच्या दिवशी, पाळणा हलत असताना, आमचं देऊळ असं चिडीचूप झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. काकींनी ध्रुवच्या मागे उभं राहून झांज वाजवली. सगळा मंडप त्याच्याकडे बघत होता. तो पदर चाटत होता. मग त्यांनी टोपलीतल्या एकेका पिल्लामागे वाजवली. प्रत्येकाचा कान फिरला, मान वळली.

मला वाटलं, संपलं. एक पिल्लू बहिरं आहे, देवाची इच्छा. पण काकी पायऱ्या उतरून चाफ्याखाली गेल्या.

सरदार अजून झोपलेलाच होता. नगारा, शंख, घंटा, गजर या सगळ्यात झोपलेला. दरवर्षी असाच झोपायचा आणि दरवर्षी आम्ही म्हणायचो, काय हो समाधी! त्याचा एक कान जमिनीला टेकला होता, दुसरा वर होता. काकींनी त्या वरच्या कानावर झांज वाजवली. सरदार हलला नाही. त्यांनी वाकून त्याच्या गालाला हात लावला, तसा तो जागा झाला, मान उचलून शेपूट आपटायला लागला. काकी त्याच्या पाठीमागे जाऊन चाफ्याआड उभ्या राहिल्या आणि हळूच हाक मारली, "सरदार."

तो ताडकन उठला आणि देवळाकडे बघायला लागला. अगदी उलट्या बाजूला. मग गोल फिरला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, शेवटी त्याला काकी दिसल्या.

"तो आधी भलतीकडेच बघतो," सुधाकर म्हणाला. "लहानपणापासून. लाजाळू आहे."

"लाजत नाही तो," काकी म्हणाल्या. "त्याला एकाच कानाने ऐकू येतं. आवाज कुठून आला ते कळत नाही त्याला."

त्या पायरीवर बसल्या. मी ध्रुवला घेऊन धावले. बुवाही गळ्यातल्या हारासकट खाली आले.

"दचकत नाहीत ती शूर, म्हणून ठेवत आले," काकी कुणाकडेही न बघता बोलत होत्या. "ऐकणारी सगळी वाटून टाकली. त्यांची वीण करू नका म्हणून लोकांकडून वचन घेतलं. आणि जी ऐकत नव्हती, नाहीतर अर्धीच ऐकत होती, तीच घरात ठेवली. त्यांचीच लग्नं लावली. आजा, मग आई, मग सरदार... बुवा, मी इतकी वर्षं बहिरेपण निवडत आले हो."

पुढे मग तालुक्याच्या डॉक्टरांनीही सांगितलं, या जातीत असतं हे, निळ्या डोळ्याबरोबर तर बरेचदा येतं. पण ते पुढे. त्या क्षणी फक्त एवढंच दिसत होतं, की या बाईने एक नियम मोडला नाही, कुठे हात आखडला नाही, आणि सगळं चुकलं.

आणि मग काकी एकच शब्द बोलल्या. "गौरी."

मला कळलं नाही. सप्रे मास्तर गर्दीत उभे होते, त्यांनाही कळलं नाही.

"गौरीही न हललेली," काकी म्हणाल्या. "पाठमोरी उभी होती ती. मास्तर, तो ट्रकवाला खरं बोलत होता."

देवा रे! अजून सांगताना अंगावर काटा येतो बघा. मास्तरांचा चेहरा मी पाहिला. त्यांनी उजवा हात समोर धरला, त्या तळव्याकडे बघत राहिले आणि देवळाबाहेर चालायला लागले. चपला घालायचंसुद्धा भान नव्हतं. भर उन्हात, तापलेल्या कातळावर अनवाणी.

सुधाकर काकींच्या कानाशी लागला. "घरी जाऊन बोलू, काकी. पिल्लं न्यायला बाहेरगावची माणसं आलीत. उरलेली तिन्ही तर ऐकतात ना? देऊन टाकू. कुणाला काय कळतंय!"

"मला कळलंय ना."

"अहो, पण सगळ्यांसमोर..."

"मिरवली कुणासमोर होती? सगळ्यांसमोरच ना? धर मला."

सुधाकरने आणि मी दोन्हीकडून धरून त्यांना उठवलं. त्या सरळ मंडपात गेल्या, बुवा कीर्तनाला उभे राहतात त्या जागी. साडीवर गुलाल, केसांत फुलाची पाकळी अडकलेली. म्हणाल्या, "बुवा, तुमची जागा घेते जरा." बुवा दोन पावलं मागे सरले.

"ज्यांना पिल्लं कबूल केलीत त्यांनी ऐका. हे माझ्या घराण्याच्या रक्तात आहे. ऐकणाऱ्या पिल्लांतसुद्धा ते लपून असणार. त्यांना न्यायचं असेल तर सोबतीला न्या, लेकरासारखी ठेवा. पण यांची वीण कुणी करायची नाही. आधी ज्यांनी माझ्याकडून नेलीत त्यांच्या घरी मी येणार आहे, एकेकाचे कान बघायला. सरदारचं घराणं आज संपलं."

मागून बर्व्यांचे म्हातारे आबा उठले. त्यांना शेजारच्याने सगळं मोठ्याने सांगितलं होतं. रागाने म्हणाले, "काकी, आम्ही पोराबाळांना सांगत आलो, रामाने निवडलेली म्हणून. आज नवमीला रामाला खोटं पाडता?"

"रामाने काही निवडलं नव्हतं, आबा. मी निवडत होते. त्याच्या दारात बसून, त्याचं नाव लावून."

आबा खाली बसले. सुंठवड्याचं ताट घेतलेली बाई तशीच उभी. शेवटी मुळ्येबुवा पुढे आले, त्यांनी आपल्या गळ्यातला हार काढला आणि काकींना घालायला गेले. काकींनी हात आडवा धरला. "नको, बुवा. आज नको." आणि त्या माझ्याकडे वळल्या.

"दे त्याला इकडे."

मी ध्रुवला छातीशी आवळला. सुधाकर हळू आवाजात म्हणाला, "काकी, मुंबईकडे असलं पिल्लू ठेवत नाहीत. डॉक्टरांना सांगितलं तर एक सुई... त्यालाही त्रास नको, कुणाला चावायलाही नको."

"काकी, हा माझा आहे," मी म्हटलं. "तुम्ही कबूल केलंय."

"मी घराणं कबूल केलं होतं. याच्यामागे काही चालायचं नाही."

"मला घराणं नको. हा हवाय."

"भक्तीच्या भरात बोलू नकोस, कुंदे. कीर्तन संध्याकाळी संपतं. हा बारा-तेरा वर्षं उरतो."

मी मान खाली घातली नाही. काकींपुढे मान वर ठेवून मी याआधी कधी उभी राहिले नव्हते.

"हाक कशी मारशील?"

मी त्याला खाली फरशीवर सोडलं, चार पावलं मागे गेले आणि बुवा बोलावतात तसा हात हलवला. तो धडपडत आला आणि माझ्या पायावर आदळला.

"पाठमोरा असेल तेव्हा?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "शिकेन."

"रस्त्याकडे गेला तर?"

"दोरीशिवाय फाटकाबाहेर पाय टाकणार नाही. कधीच."

"झोपलेला असताना मुलं मागून हात लावतील. तो घाबरून चावेल."

काकी मग स्वतःच वाकल्या आणि आपला हात त्याच्या नाकापुढे धरला. "असा. आधी वास घेऊ द्यायचा, मग अंगाला लावायचा. घरातल्या प्रत्येकाने. विसरशील?"

"नाही."

"आणि वीण? तेव्हा काय म्हणशील? घारा डोळा बघून लोक हात जोडत येतील."

"नाही म्हणेन."

काकींनी त्याला उचललं. त्याच्या कपाळावरचा गुलाल आपल्या पदराने पुसून काढला, अगदी एक कण राहू दिला नाही. मग माझ्या हातात दिलं. "ने. आज घरात पाहुणे नकोत, ओवाळणं नको. जाईच्या अंगाखालचं फडकं देते, ते त्याच्या टोपलीत घाल. आईचा वास असला की पहिला दिवस निभावतो."

घरी गेले तर सासूबाई दारात निरांजन घेऊन उभ्या. त्यांना हाताने थांबवलं. ध्रुवने उंबरा हुंगला, स्वयंपाकघर हुंगलं, देवघरासमोर एक फेरी मारली आणि आईच्या फडक्यावर मुटकुळं करून झोपला. मी त्याच्या नाकापुढे हात धरून बसून राहिले. हात काढायला धीर होत नव्हता.

काकींनी शब्द पाळला. ते गुडघे घेऊन, मिळेल त्या एसटीने, जुन्या पिल्लांची घरं पालथी घातली. पिशवीत एक झाकण आणि एक पळी. कुठे चहा मिळाला, कुठे शिव्या. लांज्याच्या एका घराने फाटकच उघडलं नाही, तर गडग्यापलीकडे उभं राहून झाकण वाजवलं आणि आतल्या कुत्र्याचे कान बघून परत आल्या. सप्रे मास्तर कराडला दोनदा जाऊन आले. तो माणूस त्यांना सापडला नाही.

मग सरदार गेला. जाई गेली. काकींच्या ओट्यावर पहिल्यांदाच कुत्र्याचं पाणी ठेवायचं भांडं रिकामं पडलं. ध्रुव तेव्हा भर जवानीत होता, बापाहून देखणा. आणि एका दुपारी काकी माझ्या ओटीवर आल्या. फार वाळल्या होत्या. ध्रुवच्या नाकापुढे हात धरला, त्याने तो चाटला.

"कुंदे," म्हणाल्या, "बेळगावच्या त्या घरी एक मादी आहे. चांगली आहे. ऐकते. एकच वीण कर. एकच. त्यातली ऐकणारी तेवढी ठेवू."

मला वाटलं, गंमत करतायत. त्यांनी गंमत कधी केली नव्हती.

"काकी, तुम्हीच तर..."

"काकांनी आणलेली होती गं ती. घर कसं खायला उठतं बघ." आणि त्यांनी हात जोडले. मला. शेट्येकाकींनी मला!

त्या देवळातल्या दुपारीही मी एवढी हादरले नव्हते. त्यांच्यापुढे नाही म्हणायची माझी काय पात्रता? पण ध्रुव आमच्या दोघींच्या मधे बसला होता, माझ्याकडे बघत, मी हात कुठे हलवते त्याची वाट बघत.

"नाही, काकी," मी म्हटलं.

काकी उठल्या, काठी घेतली, फाटकाची कडी स्वतः लावली आणि गेल्या. आम्ही पुन्हा भेटलो नाही. श्रावण लागायच्या आत त्या गेल्या. ती परीक्षा होती की मोह, मला आजवर कळलेलं नाही, आणि आता कळून घ्यायचंही नाही.

तेव्हा माझं एवढंच मागणं आहे. कधी पिल्लू घरी आणाल, त्याच्या नाकापुढे पहिल्यांदा हात धराल, तेव्हा शेट्येकाकींची आठवण काढा. माझ्या ओटीवर हात जोडून बसलेल्या काकी मात्र आठवू नका. बुवांच्या जागेवर गुलालाने माखून उभं राहून, सगळ्या गावासमोर, खुद्द रामासमोर, आपली जन्माची कमाई आपल्या तोंडाने चुकीची म्हणणाऱ्या काकी आठवा. त्या तेवढ्या आठवा.